हेल्पर काढला त्या दिवशी

नागपूरहून वर्धा रोडने दक्षिणेकडे निघालं की तीसेक किलोमीटरवर बुटीबोरीची एमआयडीसी लागते. पॉलिस्टर, टायर, कापड, वीजवाहिन्यांचे मनोरे असा नाना तऱ्हेचा माल इथे तयार होतो. पण कारखाना कुठलाही असो, मेंटेनन्सच्या माणसांचं एक काम सगळीकडे सारखंच असतं: पंप आणि तो फिरवणारी मोटार एका रेषेत बसवणं. अलाइनमेंट. ऐकायला किरकोळ वाटतं. पण जुन्या मिस्त्रीकडे नेमकं काय असतं हे समजून घ्यायचं तर याच कामापासून सुरुवात केलेली बरी.

गरम तेल ओढणारा एक पंप घ्या. पंपाचा शाफ्ट आणि मोटारीचा शाफ्ट कपलिंगने जोडलेले असतात. दोन्ही शाफ्ट एका सरळ रेषेत हवेत आणि चूक चालते ती मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी, म्हणजे साधारण ०.०५ मिलिमीटर. त्याहून जास्त झाली की सील गळतं, कपलिंग झिजतं, बेअरिंग वेळेआधी जातं. आता गंमत अशी की थंड यंत्रावर रेष बिनचूक जुळवली तर यंत्र चालू झाल्यावर ती बिघडणारच. लोखंड तापलं की वाढतं. एक मीटर लांबीला दर अंशामागे सुमारे १२ मायक्रॉन. पायापासून शाफ्टपर्यंतची उंची अर्धा मीटर आणि तापमानातली वाढ ४० अंश धरली तर पंपाचा शाफ्ट जवळजवळ पाव मिलिमीटर वर चढतो. चालणाऱ्या चुकीच्या पाचपट. म्हणून जाणता फिटर मोटारीच्या पायाखाली पातळ पत्र्याच्या शिम जास्तीच्या घालतो आणि यंत्र थंड असताना मोटार मुद्दाम वर ठेवतो. दोन तासांनी पंप तापून तिच्या रेषेत येतो.

किती वर, याचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. पण मोजमापांचं आंतरराष्ट्रीय प्रमाण तापमान आहे २० अंश सेल्सिअस आणि बुटीबोरीत तेवढं तापमान हिवाळ्यातल्या थोड्या वेळापुरतंच भेटतं. मे महिन्याच्या दुपारी बाहेर ४५ अंश असतं, पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. जानेवारीच्या पहाटे दहा-बारा. त्याच पंपाला जानेवारीत एक आकडा लागतो, मेमध्ये दुसरा. शिवाय पाइपची भानगड वेगळीच. पंपाच्या फ्लँजला पाइप जोडताना तो जरा ओढून-ताणून बसवलेला असेल तर बोल्ट आवळताच पंप जागचा हलतो आणि सकाळभर मोजमापाचं डायल गेज लावून केलेली अलाइनमेंट वाया जाते. मुरलेला मिस्त्री डायल लावण्याआधी फ्लँजचे बोल्ट सैल करतो आणि पाइप किती ‘उडतो’ ते बघतो. उडाला तर आधी पाइपचा सपोर्ट नीट करायचा, पंपाला नंतर हात लावायचा.

यातलं काहीच गूढ नाही. सगळं भौतिकशास्त्र शाळेतलं आहे. पण कुठल्या पंपाचा पाइप उडतो, कुठल्या मोटारीचा एक पाय पायथ्यावर नीट टेकत नाही, कुठल्या फाउंडेशनखालची काळी माती पावसाळ्यात फुगून अख्खा पाया हलवते, हे सगळं एका माणसाला ठाऊक असतं, कारण वीस-पंचवीस वर्षं तो त्याच यंत्रांच्या अवतीभवती वावरला. विदर्भातली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. परदेशात लिहिलेल्या मॅन्युअलला ते ठाऊक असायचं कारण नाही.

बुटीबोरीत हा प्रश्न आता ऐरणीवर यायला एक साधं कारण आहे. इथल्या कारखानदारीची पहिली मोठी लाट १९९०च्या दशकातली. इंडोरामाचा पॉलिस्टर प्रकल्प त्याच दशकात उभा राहिला. सिएटचा टायर कारखाना बराच नंतरचा, २०१६चा. त्या पहिल्या लाटेत आयटीआय करून विशी-पंचविशीत कामाला लागलेली पोरं आज पन्नाशी ओलांडून निवृत्तीकडे निघाली आहेत. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेत पेन्शनचं वय ५८. यंत्रं खोक्यातून निघताना, पाया भरताना, पहिल्यांदा बटण दाबताना जे हजर होते ते एकापाठोपाठ एक बाहेर पडतील आणि यंत्रं मात्र तशीच चालू राहतील.

इथे एक फरक करायला हवा. सगळंच जुनं कसब जपायची गरज नसते. नागपूर हे सातपुड्यातल्या नॅरोगेज रेल्वेचं मोठं केंद्र होतं. मोतीबागच्या वर्कशॉपमध्ये त्या छोट्या गाड्यांची देखभाल व्हायची. नागपूर–नागभीड नॅरोगेज २०१९मध्ये थांबली आणि त्या गाड्यांची हाताला बसलेली कामं संग्रहालयात जमा होण्यात वावगं काही नाही. १८७७मध्ये जमशेटजी टाटांनी नागपुरात सुरू केलेली एम्प्रेस मिल २००२मध्ये कायमची बंद झाली, तेव्हा तिथल्या जॉबरांचं कसब यंत्रांबरोबरच गेलं. वाईट वाटतं, पण ते समजण्यासारखं आहे. बुटीबोरीतली गोष्ट तशी नाही. यंत्र जिवंत, माल खपतोय आणि यंत्राला ओळखणारा माणूस तेवढा जातोय. याची किंमत दर ब्रेकडाऊनला मोजावी लागते.

हे टाळायचा सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे लिहून घेणं. ‘काका, रिटायर व्हायच्या आधी सगळं एका वहीत उतरवा ना.’ काका मान हलवतात. वहीत चार पानं भरतात आणि पाचव्या पानाशी पेन थांबतं. मेंटेनन्सचं रजिस्टर बघा. ‘बेअरिंग बदलले. मशीन ओके.’ बहुतेक नोंदी याच तोंडवळ्याच्या. बेअरिंगच गेलंय हे कशावरून कळलं, वर्षात तिसऱ्यांदा का गेलं, बदलताना आणखी काय दिसलं, यातलं काही नाही. मिस्त्री आळशी असतो म्हणून नव्हे. रजिस्टर इंग्रजीत, मिस्त्री बोलतो नागपुरी हिंदी-मराठी. रकाना दीड इंचाचा. आणि साहेबाला हवं असतं ‘ओके’. ते त्याला मिळतं.

लिहून घेण्याचा सगळ्यात गंभीर प्रयत्न अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने केला. डिझेल-इलेक्ट्रिक रेल्वे इंजिनांच्या दुरुस्तीत डेव्हिड स्मिथ हा तिथला अव्वल माणूस. चाळीसहून अधिक वर्षांची नोकरी, निवृत्ती तोंडावर आलेली. कंपनीचा जुना रिवाज होता अशा माणसाबरोबर तरुण इंजिनीअर काही महिने फिरवायचा. पण तो महाग पडे आणि स्मिथ एका वेळी एकाच शेडमध्ये असू शकत असे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीच्या संगणकतज्ज्ञांनी त्याच्याजवळ बसून त्याचं निदान ‘असं असेल तर असं कर’ अशा नियमांत उतरवायला घेतलं. सुरुवात पन्नासेक नियमांनी झाली, मग ते ५००च्या वर गेले, पुढे १२००च्या आसपास. हा प्रयत्न नावाजला गेला आणि त्याच्या बळावर साध्या दोषांचं निदान स्मिथशिवाय करता येऊ लागलं. पण या प्रयत्नातून, आणि त्या काळात ठिकठिकाणी झालेल्या अशाच प्रयत्नांतून, एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. संगणक ही अडचण नव्हतीच. अडचण होती जाणत्याच्या डोक्यातून नियम बाहेर काढण्याची. ‘तू हे कसं ओळखतोस?’ असं सरळ विचारलं तर जाणता माणूस पुस्तकातलं उत्तर देतो. प्रत्यक्षात तो पुस्तकाप्रमाणे वागत नसतो आणि आपण वेगळं वागतो हे त्याच्या ध्यानातही नसतं.

हंगेरीत जन्मलेल्या मायकेल पोलान्यी या रसायनशास्त्रज्ञाने, जो पुढे तत्त्वज्ञ झाला, याच मुद्द्यावर १९६६मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. माणसाला जेवढं येतं त्यापेक्षा कमीच त्याला सांगता येतं, हा त्याचा गाभा. नंतर हॅरी कॉलिन्स या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने याची जणू प्रयोगशाळेतच पडताळणी केली. १९७०च्या सुमारास एका नव्या धाटणीचा गॅस लेसर निघाला होता. त्याची माहिती छापील निबंधांत उपलब्ध होती आणि ब्रिटनमधल्या अनेक प्रयोगशाळा तो बनवू पाहत होत्या. कॉलिन्सला आढळलं की निव्वळ निबंध वाचून एकालाही तो बनवता आला नाही. ज्यांना जमलं ते सगळे आधी लेसर बनवलेल्यांच्या संपर्कात होते; भेटत होते, बघत होते, फोनवर बोलत होते. कपॅसिटरपासून इलेक्ट्रोडपर्यंतची एक तार आखूड असणं निर्णायक होतं, पण ती आखूड ठेवणाऱ्यांपैकी काहींना तिचं महत्त्वच माहीत नव्हतं. त्यांच्या बाकावर मांडणी तशी झाली होती, एवढंच. हे सगळे भौतिकशास्त्रातले शिकलेले लोक. मग बुटीबोरीच्या फिटरने वहीची पाच पानं भरली नाहीत म्हणून त्याला बोल कसा लावायचा?

कॉलिन्सने पुढे या न सांगितलेल्या ज्ञानाचे प्रकार पाडले. त्यातले दोन आपल्या कामाचे आहेत. एक शरीराचं: सायकल चालवण्यासारखं, हाताला कळतं पण शब्दांत धरता येत नाही. दुसरं असं की जे सांगता आलं असतं, पण कुणी विचारलं नाही, किंवा समोरच्याला ते ठाऊक असेल असं वाटलं, किंवा मुद्दाम लपवलं. माझं मत असं झालं आहे की कारखान्यात जे हरवतं त्यातला मोठा भाग या दुसऱ्या प्रकारचा असतो. ‘हातातली जादू’ म्हणून आपण त्याचं कौतुक करतो आणि विचारायची जबाबदारी टाळतो.

कानाचंच उदाहरण घ्या. लांब पेचकसाचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि ऐकायचं. हे दृश्य प्रत्येक वर्कशॉपमध्ये दिसतं आणि बघणारा थक्क होतो. पण त्यामागचं गणित सरळ आहे. नऊ गोळ्यांचं बेअरिंग मिनिटाला १५०० फेरे घेत असेल आणि बाहेरच्या कड्याला एक बारीक खड्डा पडला असेल तर गोळ्या त्या खड्ड्यावरून सेकंदाला साधारण ९० वेळा जातात. हाडातून जाणारी ती घरघर मिस्त्री ओळखतो. आजचा व्हायब्रेशन सेन्सर तीच ९०ची रेघ पडद्यावर दाखवतो, तीही मिस्त्रीच्या कानाला कळण्याआधी. कानाचं काम यंत्राने घेतलं याचं मला दुःख नाही. सेन्सर लावा, अवश्य लावा. पण हे बेअरिंग दर उन्हाळ्यात का जातं, याचं उत्तर सेन्सर देत नाही. ते उत्तर पाइपमध्ये आहे, पायाखालच्या मातीत आहे, किंवा सात वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत वेल्डिंग करून बसवलेल्या सपोर्टमध्ये आहे. मिस्त्री तेव्हा तिथे होता.

मग हे ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे आजवर जात कसं होतं? हेल्परमार्फत. मिस्त्रीच्या बाजूला टॉर्च धरून उभा असलेला, पुसायचं फडकं खांद्यावर टाकलेला पोरगा. पहिले सहा महिने तो नुसता पाने देतो. मिस्त्री म्हणतो, ‘१६-१७चा दे,’ की तो देतो. वर्षभराने मिस्त्री काही म्हणत नाही, हात मागे करतो आणि हातात १६-१७चाच पाना येतो. याचा अर्थ पुढचा बोल्ट कुठला हे पोराला कळलेलं असतं. म्हणजे मिस्त्री काय विचार करतोय हे कळलेलं असतं. आणखी काही काळाने पोरगा वेगळाच पाना पुढे करतो. ‘काका, आधी फ्लँज सैल करून पाहू ना, मागच्या टायमाला उडला होता पाइप.’ त्या क्षणी एका डोक्यातलं दुसऱ्या डोक्यात गेलेलं असतं. कुठे लिहिलेलं नाही, कुणी शिकवलं असंही म्हणता येणार नाही. ‘असं का केलं?’ हा प्रश्न विचारायला हक्काचं माणूस बाजूला होतं, इतकंच.

आणि खर्च कापायची वेळ आली की पहिल्यांदा काढला जातो तो हेल्पर. कागदावर त्याचं काम दिसत नाही. टॉर्च धरायला पगार कशाला? मेंटेनन्सचं काम वर्षाच्या कंत्राटावर, एएमसीवर, बाहेर दिलं जातं. ठेकेदाराचा माणूस दर वर्षी, कधी दर तिमाहीला बदलतो. मिस्त्री आणखी आठ-दहा वर्षं नोकरीत राहतो, एकटा. त्याच्या निरोपसमारंभात शाल-श्रीफळ देताना ‘तुमचा अनुभव आता आम्हाला मिळणार नाही’ असं कुणीतरी मनापासून म्हणतं. पण अनुभव मिळायचा बंद झाला तो दिवस हा नसतो. त्याच्या शेजारची जागा रिकामी झाली, त्या दिवशीच ते घडून गेलेलं असतं आणि तेव्हा ते कुणाला जाणवलंही नसतं.

जुनी पद्धत चांगली होती, असं मात्र मी म्हणणार नाही. गॅरेजमधला ‘पोऱ्या’ दहा-बारा वर्षांचा असे. शाळा सुटलेली, पगार नावापुरता, चूक झाली की पाना फेकून मारलेला. आज चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं कायद्याने गुन्हा आहे आणि ते तसंच हवं. त्या पद्धतीत लपवाछपवीही भरपूर. इंजिनाच्या पंपाचं टायमिंग बसवायची वेळ आली की उस्ताद नेमका पोराला चहा आणायला पाठवायचा. कारण उघड आहे: सगळं शिकवलं तर आपली गरज काय उरली? कायम नोकरी असलेल्या माणसाला ही भीती कमी, ठेक्यावरच्या माणसाला जास्त. म्हणजे आपण ज्या दिशेने निघालो आहोत तिथे लपवायचं कारण वाढत जाणार आहे.

ज्ञान लपवलं नाही, दुर्लक्षिलं नाही, तरी ते हरवू शकतं, याचंही एक उदाहरण आहे. अमेरिकेने अण्वस्त्रांसाठी ‘फॉगबँक’ या टोपणनावाचा एक पदार्थ १९७५ ते १९८९ या काळात टेनेसीतल्या ओक रिजला बनवला. पुढे तो पुन्हा लागला, तेव्हा नोंदी अपुऱ्या निघाल्या, बहुतेक जाणती माणसं निघून गेलेली होती. नवा कारखाना उभारला, जुनी कृती तंतोतंत पाळली, तरी माल जमेना. कारण नंतर सापडलं: जुन्या कच्च्या मालात एक अशुद्धी होती, नव्या शुद्धीकरणात ती निघून जात होती आणि पदार्थ चांगला होण्यासाठी तीच लागत होती. जुन्या कामगारांनाही हे माहीत नव्हतं. त्यामुळे त्यांची मुलाखत घेऊनही ते कळलं नसतं. काम चालू असताना शेजारी उभं राहून फरक बघणारा कुणी असता, तर निदान शंका आली असती.

झेरॉक्स कंपनीच्या कहाणीत मला आशा दिसते. तिथे ज्युलियन ऑर नावाच्या मानवशास्त्रज्ञाने फोटोकॉपी यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांबरोबर फिरून अभ्यास केला. त्याचं पुस्तक १९९६चं. त्याला दिसलं की मॅन्युअल बाजूला ठेवून ही माणसं जेवणाच्या टेबलावर एकमेकांना बिघाडांच्या गोष्टी सांगतात आणि नवं निदान त्या गोष्टींतून घडतं. बुटीबोरीत शिफ्ट सुटल्यावर तर्री-पोह्यांच्या टपरीवर हेच चालतं. झेरॉक्सने १९९०च्या दशकात या गोष्टींसाठी ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी केली: टेक्निशियनने अडचण आणि तोड लिहायची, अनुभवी सहकाऱ्यांनी ती तपासायची, मग ती सगळ्यांना खुली. त्यात बक्षिसाच्या पैशांपेक्षा टेक्निशियनांना महत्त्वाचं वाटलं ते टिपेखाली स्वतःचं नाव असणं. आपल्या रजिस्टरात नोंदीखाली सही असते ती बहुधा इंजिनीअरची.

आज प्रत्येक हेल्परच्या खिशात कॅमेऱ्याचा फोन आहे. गेलेलं बेअरिंग भंगारात टाकण्याआधी त्याचा फोटो काढून ‘असं का झालं’ हे मिस्त्रीच्या आवाजात, मिस्त्रीच्या बोलीत दोन मिनिटं रेकॉर्ड करणं अवघड नाही. गेलेले भाग तारीख घालून फळीवर मांडून ठेवायची चांगली पद्धत काही कारखान्यांत असते. ती फळी म्हणजे त्या यंत्राचं रुग्णपत्रकच. पण फोटो काढायला आणि प्रश्न विचारायला तरुण माणूस तिथे असायला हवा, आणि तोही बदलता नको. बुटीबोरीच्या हवामानात निदान दोन उन्हाळे आणि दोन हिवाळे तोच मुलगा त्याच मिस्त्रीबरोबर हवा, नाहीतर शिमचा हिशेब त्याला अर्धाच कळेल.

यासाठी नवा कायदाही लागत नाही. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१पासून आहे आणि आजच्या नियमांप्रमाणे तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यायचे असतात. आकडा भरला जातो. पण आलेला मुलगा कुणाच्या हाताखाली जाईल, त्याला पाने द्यायला लावतील की गेटवर नोंदी करायला बसवतील, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. जर्मनीत कारखान्यात शिकाऊंना शिकवणाऱ्या माणसाला शिकवण्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते. शिकवणं हे त्याच्या कामाचा भाग धरलं जातं आणि त्यासाठी त्याचे तास मोकळे ठेवले जातात. आपल्याकडे मिस्त्रीने मुलाला अर्धा तास समजावून सांगितलं तर तो अर्धा तास ब्रेकडाऊनच्या वेळेत धरला जातो आणि सुपरवायझर विचारतो, ‘काहून लागला एवढा टाइम?’ तो अर्धा तास रजिस्टरात वेगळा लिहायची सोय कुठलाही मेंटेनन्स मॅनेजर येत्या सोमवारपासून, कुणाची परवानगी न घेता करू शकतो.